शेतजमिनीवर सौरऊर्जा : भाडे, विक्री आणि साठवण

चंदीगडहून अंबाल्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर झिरकपूर हे नगर वसले आहे. पंजाबमधील साहिबजादा अजितसिंग नगर (मोहाली) जिल्ह्याच्या डेराबस्सी तहसिलीत ते येते. २००१ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या सुमारे २५ हजार होती, ती २०११ मध्ये ९५ हजारांवर गेली. शहर शेजारी आले की शेतजमिनीचे मोल पिकावरून ठरत नाही, तेथे उभ्या राहू शकणाऱ्या इमारतीवरून ठरते. अशा जमिनीवर सौर पॅनेल उभारण्याचा सल्ला कोणी देणार नाही. याउलट छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वैजापूर तालुक्यात, धोंदलगाव येथे, सप्टेंबर २०२४ मध्ये ३ मेगावॅटचा सौर प्रकल्प कार्यान्वित झाला. महाराष्ट्राच्या 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०' मधील हा पहिला प्रकल्प होय. येथे जमिनीला मोल आले ते शहरामुळे नव्हे, तर जवळच्या वीज उपकेंद्रामुळे.

सूर्यप्रकाश दोन्ही ठिकाणी मुबलक आहे. तेव्हा शेतजमिनीवरील सौर उत्पन्नाचा विचार करताना ऊन किती पडते हा प्रश्न गौण ठरतो. करार कोणाच्या नावे आहे, वीज कोणत्या दराने आणि दिवसाच्या कोणत्या वेळी घेतली जाते, व जमीन दुसऱ्या कोणत्या कामी आली असती, या बाबी निर्णायक असतात. स्पर्धा परीक्षांत या विषयावर योजनांची नावे व उद्दिष्टे विचारली जातात. परंतु योजनेमागील अर्थकारण समजले नाही तर ती नावे निव्वळ पाठांतर ठरतात.

धोरणाची चौकट

'प्रधानमंत्री किसान ऊर्जा सुरक्षा एवं उत्थान महाभियान' अर्थात पीएम-कुसुम योजनेस केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१९ मध्ये मान्यता दिली. तिचे तीन घटक आहेत. घटक 'अ' मध्ये शेतकरी, सहकारी संस्था, पंचायती किंवा शेतकरी उत्पादक संस्था यांनी ५०० किलोवॅट ते २ मेगावॅट क्षमतेचे प्रकल्प उपकेंद्रापासून साधारणतः ५ किलोमीटरच्या आत उभारावयाचे व वीज वितरण कंपनीला विकावयाची. घटक 'ब' हा वीजजाळ्याशी न जोडलेल्या सौर पंपांचा. घटक 'क' मध्ये वीजजाळ्याशी जोडलेल्या कृषिपंपांचे सौरीकरण अभिप्रेत होते. डिसेंबर २०२० पासून त्यात संपूर्ण कृषी वाहिनीचे, म्हणजे फीडरचे, सौरीकरणही समाविष्ट झाले. योजनेची मुदत पुढे ३१ मार्च २०२६ पर्यंत वाढविण्यात आली होती.

महाराष्ट्राने या दिशेने थोडे आधी पाऊल टाकले होते. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना जाहीर झाली आणि अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील राळेगणसिद्धी व यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी या गावांची पथदर्शी प्रकल्पांसाठी निवड झाली. २०२३ मध्ये योजनेची दुसरी आवृत्ती आली. या योजनेचा मूळ हेतू जमीनमालकाला भाडे मिळवून देणे हा नव्हता, हे येथे ध्यानात घ्यावे. राज्यातील कृषिपंपांना वीज आळीपाळीने दिवसा व रात्री मिळते. रात्री पिकाला पाणी देताना साप, बिबट्या आणि अंधार यांना तोंड द्यावे लागते. ती वीज दिवसा देता यावी आणि कृषी वीजपुरवठ्याच्या अनुदानाचा भार हलका व्हावा, हे उद्दिष्ट होते. निविदांत सुमारे ३ रुपये प्रतियुनिट असा दर मिळाल्याने ते साध्य होण्याजोगे झाले. जमीनमालकाचे भाडे हा या व्यवस्थेचा आनुषंगिक लाभ आहे.

भाडेपट्टा : निश्चित, पण आक्रसणारे उत्पन्न

दुसऱ्या आवृत्तीत जमिनीचे वार्षिक भाडे हेक्टरी १ लाख २५ हजार रुपये, किंवा शीघ्रसिद्ध गणकातील मूल्याच्या ६ टक्के, यांपैकी जे अधिक असेल ते ठरविण्यात आले. एकरी हिशेबाने ही रक्कम ५० हजार रुपये होते. पावसावर अवलंबून असलेल्या, मुरमाड जमिनीच्या मालकाला कोणत्याही खर्चाविना व जोखमीविना एवढी रक्कम मिळणे ही मोठीच गोष्ट आहे. सोयाबीन वा कापसाच्या कोरडवाहू पिकातून खर्च वजा जाता एकरी एवढे हाती राहणे दुर्मीळ.

तथापि करार दीर्घ मुदतीचा असतो. वीजखरेदी कराराचीच मुदत २५ वर्षांची असते. भाड्यात दरवर्षी ३ टक्के वाढ आहे, पण ती मूळ रकमेवर, सरळ पद्धतीने. चक्रवाढ नाही. याचा अर्थ असा की पंचविसाव्या वर्षी हेक्टरी भाडे २ लाख १५ हजार रुपये होईल. आता समजा, या काळात महागाई सरासरी ५ टक्क्यांनी वाढली. पहिल्या वर्षाच्या सव्वा लाखाची क्रयशक्ती टिकवावयाची तर पंचविसाव्या वर्षी सुमारे ४ लाख ३ हजार रुपये हवेत. म्हणजे शेवटच्या वर्षी मिळणाऱ्या भाड्याचे खरे मूल्य आरंभीच्या निम्म्याहून किंचित अधिक राहील. भाडे वाढत गेले तरी उत्पन्न घटत गेले, असा हा प्रकार आहे. सरळ वाढ व चक्रवाढ यांतील फरक अंकगणिताच्या पुस्तकात शिकविला जातो. भाडेपट्ट्यात तो एका पिढीचे उत्पन्न ठरवितो.

कर्नाटकातील तुमकुरू जिल्ह्याच्या पावगडा सौर उद्यानाचा दाखला या संदर्भात बोलका आहे. तेथे २,०५० मेगावॅटसाठी सुमारे १३ हजार एकर जमीन विकत न घेता भाड्याने घेण्यात आली. एकरी २१ हजार रुपये वार्षिक भाडे आणि दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ असे सूत्र ठरले. दुष्काळग्रस्त तालुक्यातील जमीनमालकांना त्याचा लाभ झाला. परंतु त्याच जमिनीवर मजुरी करणाऱ्या भूमिहीनांना भाडे मिळण्याचा प्रश्नच नव्हता, आणि पॅनेल पुसणे, गवत काढणे, राखण करणे एवढ्या कामांवर पूर्वीइतके हात लागत नाहीत. मराठवाड्यातही वाट्याने शेती करणाऱ्या कुटुंबाची स्थिती याहून निराळी असणार नाही. सातबारा ज्याच्या नावावर, भाडे त्याचे.

लहान शेतकऱ्याची अडचण आणखी वेगळी आहे. महाराष्ट्रात महावितरणकडे खासगी जमीन देऊ करण्यासाठी किमान ३ एकरांची अट ठेवण्यात आली. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार राज्यातील सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर, म्हणजे सुमारे ३.३ एकर आहे, देशाची १.०८ हेक्टर. सरासरी शेतकऱ्याला अट पूर्ण करावयाची तर जवळजवळ सर्व जमीन द्यावी लागेल, आणि सरासरीहून लहान शेतकऱ्याला शेजाऱ्यांबरोबर एकत्र आल्याखेरीज प्रवेशच नाही. अनेक हिस्सेदारांची नावे असलेल्या सातबाऱ्यावर सर्वांची संमती मिळविणे किती कठीण असते, हे ग्रामीण महाराष्ट्र जाणणाऱ्यांस सांगावयास नको. त्यामुळेच शासकीय व गायरान जमिनींकडे प्रथम वळण्याचा कल दिसतो. ग्रामपंचायतींना त्यासाठी तीन वर्षे प्रतिवर्षी ५ लाख रुपये देण्याची तरतूद आहे. मात्र गायरान म्हणजे पडीक जमीन नव्हे. शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्या कुटुंबांची ती चारासुरक्षा असते. पंजाबमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये (जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य) गावाच्या सामाईक जमिनींच्या रक्षणाबाबत दिलेला निर्णय परीक्षार्थींनी या दृष्टीने अवश्य अभ्यासावा.

स्वतःचा प्रकल्प : विक्रीचा हिशेब

घटक 'अ' मधील देशातील पहिला प्रकल्प राजस्थानात, जयपूर जिल्ह्याच्या तत्कालीन कोटपुतली तहसिलीतील भालोजी गावी, एप्रिल २०२१ मध्ये सुरू झाला. साडेतीन एकरांवर १ मेगावॅट क्षमता आणि वर्षाला सुमारे १७ लाख युनिट निर्मिती अपेक्षित. राजस्थानात या घटकासाठी प्रतियुनिट ३ रुपये १४ पैसे दर निश्चित झाला होता. म्हणजे वर्षाची विक्री सुमारे ५३ लाख रुपये. एवढाच आकडा वाचला तर साडेतीन एकरांत ५३ लाख असा भ्रम होतो आणि जाहिरातींत नेमका तोच आकडा छापला जातो.

पूर्ण हिशेब मांडून पाहू. प्रकल्पाचा खर्च ३ कोटी ७० लाख रुपये धरू. त्यातील ७० टक्के, म्हणजे २ कोटी ५९ लाख, साडेनऊ टक्के व्याजाने १५ वर्षांसाठी कर्जाऊ घेतले तर वार्षिक हप्ता सुमारे ३३ लाख रुपये येतो. देखभाल, विमा व राखण यांसाठी ५ लाख. हाती राहतात सुमारे १५ लाख. पण शेतकऱ्याने स्वतःचे १ कोटी ११ लाख रुपये गुंतविलेले आहेत. ते बँकेत ठेवले असते तर ७ टक्क्यांनी जवळजवळ ८ लाख मिळालेच असते. तेव्हा जमीन व जोखीम यांचा खरा मोबदला कर्ज फिटेपर्यंत वर्षाला सुमारे ७ लाख, म्हणजे एकरी २ लाख रुपये. भाड्याच्या चौपट आहे, यात शंका नाही. आणि कर्ज फिटल्यावर उरलेली दहा वर्षे खरी मिळकतीची. परंतु दर २५ वर्षांसाठी स्थिर असतो आणि पॅनेलची कार्यक्षमता दरवर्षी थोडी उतरत जाते. वाहिनीत बिघाड झाला की त्या वेळची वीज वाया जाते, कारण ऊन उद्यासाठी राखून ठेवता येत नाही.

एक कोटी रुपये स्वतःचे घालू शकणारा शेतकरी किती गावांत सापडेल? घटक 'अ' चा वेग १० हजार मेगावॅटच्या उद्दिष्टाच्या तुलनेत मंद राहिला, त्याचे मुख्य कारण येथे आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२० मध्ये शेतकऱ्यांच्या सौर प्रकल्पांना अग्रक्रम क्षेत्रातील कर्जांत स्थान दिले आणि २०२४ मध्ये घटक 'अ' ची सांगड कृषी पायाभूत सुविधा निधीशी घालण्यात आली. या निधीतून २ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत मिळते. यामुळे हप्ता हलका होतो. स्वतःच्या भांडवलाची अट मात्र सुटत नाही.

आयकराचाही मुद्दा आहे. वीजविक्रीचे उत्पन्न कृषी उत्पन्न ठरत नाही. भाडेदेखील जमीन शेतीच्या वापरात असेल तरच कृषी उत्पन्नात मोडते. पिकाऐवजी पॅनेल आले की करमुक्ततेचे छत्र जाते, ही गोष्ट करार करताना क्वचितच सांगितली जाते.

पंप, पाणी आणि ढुंडीचा धडा

मोठ्या भांडवलाविना लहान शेतकऱ्याला सौर उत्पन्न मिळू शकते काय, याचे उत्तर गुजरातमधील खेडा जिल्ह्याच्या ढुंडी गावाने २०१६ मध्ये दिले. आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेच्या साहाय्याने सहा शेतकऱ्यांनी सौर पंपधारकांची सहकारी संस्था स्थापन केली. गरजेपुरते पाणी उपसावयाचे व उरलेली वीज मध्य गुजरात वीज कंपनीला प्रतियुनिट ४ रुपये ६३ पैशांनी २५ वर्षांच्या करारान्वये विकावयाची, असे ठरले. संस्थेने हरित ऊर्जा व जलबचत यांसाठी प्रत्येकी सव्वा रुपया अधिक दिल्याने एकूण प्राप्ती ७ रुपये १३ पैसे झाली. तुषार शहा यांनी या कल्पनेला सौरऊर्जेचे पीक असे स्वरूप दिले.

या प्रयोगाचे महत्त्व पैशापुरते नाही. नुसता सौर पंप दिला तर वीज फुकट होते आणि पाणी उपसण्याला धरबंध राहात नाही. वीज विकता आली, तर अनावश्यक उपसलेल्या पाण्याची किंमत शेतकऱ्याला स्वतःच्या खिशातून मोजावी लागते. पंजाबात नेमके याचेच वाण आहे. तेथे १९९७ मध्ये कृषिपंपांना मोफत वीज सुरू झाली आणि मध्यंतरीचा खंड वगळता ती चालू राहिली. भाताच्या लागवडीची तारीख बांधून देणारा भूजल संरक्षण कायदा २००९ मध्ये करावा लागला. राज्यातील भूजलाचा उपसा वार्षिक उपलब्धतेच्या दीडपटीहून अधिक आहे. ज्याला वीजबिलच येत नाही त्याला सौर पंपाने बिलात बचत होणार नाही, हे उघड आहे. त्याला न वापरलेल्या विजेचेच पैसे द्यावे लागतील. २०१८ मध्ये पंजाबने 'पाणी वाचवा, पैसे कमवा' हा पथदर्शी उपक्रम आखला, त्यात ठरावीक मर्यादेपेक्षा कमी वीज वापरल्यास प्रतियुनिट ४ रुपये थेट खात्यात जमा करण्याची सोय होती. ढुंडीचे तत्त्व व हे तत्त्व एकच आहे. शिवाय झिरकपूरच्या परिसराबाहेरही पंजाबची ओलिताखालील, गहू-भाताची दुपिकी जमीन भाड्याने सहज जाते. तेथे पॅनेलसाठी शेत रिकामे करण्यापेक्षा पंपाच्या विजेचे मोल देणे अधिक सयुक्तिक ठरते.

पॅनेल आणि पीक एकाच जमिनीत घेण्याचे प्रयोगही चालू आहेत. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने १०५ किलोवॅटची अशी रचना उभारली. दोन रांगांमधील जागेत मुगासारखी ठेंगणी पिके घेतली आणि पॅनेलवरून ओघळणारे पावसाचे पाणी साठविले. उंच सांगाड्याचा खर्च वाढतो. त्यामुळे धान्यपिकांपेक्षा सावली मानवणाऱ्या भाज्या, औषधी वनस्पती यांनाच सध्या तो परवडू शकेल.

साठवण : मूल्य संध्याकाळी, उत्पन्न कोणाचे?

सौर विजेचा पुरवठा दुपारी सर्वाधिक आणि मागणीचे शिखर सूर्यास्तानंतर. वीज बाजारात दुपारचे दर कोसळतात व संध्याकाळी चढतात. केंद्राने २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून दिवसाच्या वेळेनुसार दराची पद्धत आणली; एप्रिल २०२४ पासून व्यापारी व औद्योगिक आणि एप्रिल २०२५ पासून इतर ग्राहकांसाठी. कृषी ग्राहक त्यातून वगळले आहेत. दुपारचे युनिट संध्याकाळी देता आले तर त्याचे मोल वाढते, हे साठवणुकीचे मूळ सूत्र होय.

सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राने ४,००० मेगावॅट-तास बॅटरी साठवणुकीसाठी व्यवहार्यता तफावत निधीची योजना मंजूर केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या सौर निविदांत प्रकल्पाच्या १० टक्के क्षमतेची, किमान दोन तासांची साठवण त्याच जागी ठेवावी, असे सूचित करण्यात आले. छत्तीसगढच्या राजनांदगाव येथे १०० मेगावॅट सौर प्रकल्पासोबत १२० मेगावॅट-तासांची बॅटरी २०२४ मध्ये कार्यान्वित झाली. दरही झपाट्याने उतरले. २०२२ मधील सौरऊर्जा महामंडळाच्या निविदेत प्रतिमेगावॅट दरमहा १० लाख ८४ हजार रुपये मागितले गेले होते. २०२४ च्या आरंभी गुजरातेत तो आकडा साडेचार लाखांच्या आसपास आला आणि पुढे आणखी खाली गेला.

मग एक मेगावॅटच्या शेतकऱ्याने बॅटरी बसवावी काय? वरील प्रमाण लावले तर त्याच्या वाट्याला १०० किलोवॅट, दोन तास, म्हणजे रोज २०० युनिट साठवण येते. वर्षाला ७३ हजार युनिट. संध्याकाळी प्रतियुनिट ३ रुपये अधिक मिळतात असे मानले तर वर्षाची वाढीव प्राप्ती २ लाख १९ हजार रुपये. साठविताना व काढताना होणारी गळती त्यातून वजा करावी लागेल. लहान बॅटरीचा खर्च प्रतियुनिट क्षमतेला १५ हजार रुपये धरल्यास भांडवल ३० लाख. ते वसूल होण्यास चौदा वर्षे लागतात आणि तोवर बॅटरी बदलण्याची वेळ येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे घटक 'अ' च्या करारात दर सर्व वेळेला सारखाच असतो. दुपारच्या व सायंकाळच्या युनिटला एकच भाव मिळत असेल तर साठविण्यात शेतकऱ्याचे केवळ नुकसान आहे. साठवणुकीचे उत्पन्न शेतकऱ्यापर्यंत पोहोचावे असे वाटत असेल, तर राज्य नियामक आयोगांनी लहान प्रकल्पांसाठी संध्याकाळचा वेगळा खरेदी दर ठरविणे ही पहिली अट होय. तोवर बॅटरीचे भाडे मोठ्या विकासकांचे आणि शेतकऱ्याचा त्यात संबंध उपकेंद्रालगतच्या जमिनीपुरता.

साठवण म्हणजे केवळ बॅटरी नव्हे. घाटघर येथील २५० मेगावॅटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प २००८ पासून हेच काम पाण्याच्या साहाय्याने करतो. शेतावरही हे तत्त्व लागू पडते. एका युनिट विजेत, पंपाची कार्यक्षमता निम्मी धरली तरी, २० मीटर खोलीवरून सुमारे ९ हजार लिटर पाणी वर येते. या हिशेबाने २ हजार घनमीटरच्या शेततळ्यात २०० हून अधिक युनिटांचे श्रम साठविलेले असतात. वरच्या उदाहरणातील ३० लाखांच्या बॅटरीएवढे. दिवसा भरावे, हवे तेव्हा गुरुत्वाने वा लहान पंपाने सोडावे. मात्र शेततळे पावसाच्या वा कालव्याच्या पाण्याने भरले तरच हा हिशेब समाजाच्या दृष्टीने जुळतो. विहिरी-कूपनलिका उपसून भरलेल्या प्लॅस्टिक अस्तराच्या तळ्यातून उन्हाळ्यात जे बाष्पीभवन होते, ते शेजाऱ्याच्या विहिरीतील पाणी असते.

करारातील एक कलम सहसा शेवटी वाचले जाते, ते मुदत संपल्यानंतरच्या स्थितीविषयी. पंचवीस वर्षांनी पॅनेल, लोखंडी खांब, काँक्रीटचे पाये व केबल कोणी काढावयाच्या? २०२२ च्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांत सौर पॅनेलचा समावेश झाला असून, त्यांचा कचरा २०३४-३५ पर्यंत साठवून ठेवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. बॅटऱ्यांसाठी त्याच वर्षीचे स्वतंत्र नियम आहेत. परंतु हे नियम उत्पादकाला बांधतात. शेतातील पाये उखडून जमीन पुन्हा नांगरण्याजोगी करून देण्याचे बंधन केवळ भाडेपट्ट्यातूनच निर्माण होते. त्यासाठी विकासकाने अनामत रक्कम ठेवावी, आणि कंपनी विकली गेल्यास नवा मालक त्याच अटींना बांधील राहील असे लिहून घ्यावे. ही दोन कलमे करारावर सही होण्यापूर्वीच मागता येतात.